कुर्डुवाडीची लोकस्थिति आणि तिचीं साधनें : एक परीक्षण

कुर्डुवाडीच्या लोकवस्तीचा व अर्थस्थितीचा इतिहास लिहूं इच्छिणारास छापील साधनांची वाण पडत नाहीं. सोलापूर जिल्ह्याचें गॅझेटियर आहे, आणि तें एक नसून दोन आहेत. दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे तक्ते आहेत. दख्खनच्या खेड्यांचे व खुद्द सोलापूर शहराचे नामांकित अभ्यासहि झालेले आहेत. तथापि हीं सर्व साधनें एका ठिकाणीं मांडून पाहिलीं असतां असें दिसून येतें कीं, प्रत्येकांत कुर्डुवाडीचा एखादा अवयव आहे, पण कुर्डुवाडी कोणांतच नाहीं. प्रस्तुत लेखांत या साधनांचें परीक्षण करून, त्यांत उणें कोठें पडतें आणि तें भरून काढण्याजोगें कोणतें साधन अद्यापि आपल्या हाताशीं आहे, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे. तें साधन म्हणजे शाळांची प्रवेश-निर्गम नोंदवही होय. इतिहासाचें साधन म्हणून तिच्याकडे आजवर फारसें कोणीं पाहिलेलें नाहीं. म्हणूनच तिच्या गुणदोषांचा विचार शेवटीं थोड्या विस्तारानें केला आहे.

प्रथम स्थळाविषयीं. कुर्डुवाडी माढा तालुक्यांत आहे. तालुक्याच्या पश्चिमेस भीमा, पूर्वेच्या बाजूस सीना, आणि मधला माळ अवर्षणाचा. शाळू ज्वारी हें त्याचें जुनें पीक. कुर्डू हें मूळ गांव जवळच आहे, आणि कुर्डुवाडी ही त्याची वाडी असावी हें नांवच सांगतें. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे १८५८ त पुण्यास, १८५९ त येथें आणि १८६० त सोलापुरास पोहोंचली. येथें जें स्टेशन झालें त्यास मात्र कुर्डुवाडी हें नांव मिळालें नाहीं. त्याचें नांव ‘बार्शी रोड’ असें पडलें, कारण बार्शीच्या पेठेचा माल येथें गाडीवर चढे. ज्या गांवच्या जमिनीवर तें उभें राहिलें त्याचें नांव पुढें पुष्कळ काळानें त्याच्या पाटीवर आलें. नांवाची ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु संशोधकाची पहिली चूक येथेंच होते. जुन्या तक्त्यांत ‘कुर्डुवाडी’ शोधणारास कांहीं सांपडत नाहीं. आणि ‘बार्शी रोड’ सांपडलें तर तो तें बार्शीच्या खातीं टाकतो. बार्शी हें दुसऱ्या तालुक्याचें ठाणें असून येथून रेल्वेनें सुमारें २१ मैल दूर आहे.

आतां गॅझेटियर घेऊं. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड सोलापूर जिल्ह्याचा असून तो १८८४ त प्रसिद्ध झाला. त्याची योग्यता वादातीत आहे. लोक, शेती, भांडवल, व्यापार, जमीनमहसूल, शिक्षण, आरोग्य अशीं प्रकरणें लावून जिल्ह्याची इतकी भरगच्च माहिती एका पुस्तकांत पूर्वीं कोणीं दिली नव्हती. परंतु त्यांतील लोकसंख्येचे आंकडे मुख्यतः १८८१ च्या शिरगणतीवर उभे आहेत, आणि ती शिरगणती १८७६-७७ च्या महादुष्काळाच्या पाठोपाठ झालेली आहे. १८७२ त जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लाख १९ हजार होती. १८८१ त ती सुमारें ५ लाख ८२ हजारांवर आली. म्हणजे नऊ वर्षांत शंभरांतील एकोणीस माणसें नाहींशीं झालीं. कांहीं मेलीं, कांहीं देशोधडीस लागलीं. पुढच्या दहा वर्षांत आंकडा साडेसात लाखांवर चढला, यावरून बाहेर गेलेल्यांपैकीं कांहीं परतले असावेत असें अनुमान होतें. तेव्हां १८८४ चें गॅझेटियर जें प्रमाण सांगतें, म्हणजे दर चौरस मैलास इतके लोक, अमुक धंद्यावर इतके, तें आजारी माणसाचें वजन आहे. तें खोटें नाहीं. पण त्यास नेहमींचें वजन समजून पुढील वाढ मोजणें चुकीचें होईल, आणि तसें मोजण्याचा मोह सहज होतो.

दुसरा दोष कोणाचाच नव्हे, काळाचा आहे. कुर्डुवाडीला कुर्डुवाडीपण देणारी घटना १८९७ तील आहे. त्या वर्षीं एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीची गाडी येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढें ती एका अंगास पंढरपुरापर्यंत व १९२७ त मिरजेपर्यंत, आणि दुसऱ्या अंगास १९११ त निजामाच्या मुलुखांतील लातूरपर्यंत गेली. गॅझेटियर या घटनेच्या तेरा वर्षें आधींचें आहे. सोलापूर जिल्ह्याचें नवें गॅझेटियर महाराष्ट्र शासनानें १९७७ त प्रसिद्ध केलें. त्या वेळीं बार्शी लाईट सरकारच्या ताब्यांत येऊन (१ जानेवारी १९५४) तेवीस वर्षें झालीं होतीं, आणि अरुंद मार्ग चालू होता. तो मार्ग मोठ्या मापाचा होण्याचें काम एकविसाव्या शतकाच्या आरंभीं झालें. लातूरकडील फांटा २००८ त पुरा झाला. म्हणजे एक गॅझेटियर आरंभापूर्वींचें आणि दुसरें मधल्या स्थितींतील. ज्या दोन घटनांनीं या गांवाचें पोट भरलें आणि बदललें, त्यांपैकीं एकीचाहि परिणाम घडतांना दोहोंपैकीं कोणींच पाहिलेला नाहीं.

या घटनेचें अर्थशास्त्र थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे, नाहींतर पुढील आक्षेप नीट कळणार नाहीं. दोन मापांचे रूळ एका ठिकाणीं भेटले म्हणजे एकावरची वाघीण दुसऱ्यावर जाऊं शकत नाहीं. बार्शी-लातूरकडून आलेला कापूस, शेंग, कडधान्य लहान वाघिणींतून मालधक्क्यावर उतरवावें लागे व मोठ्या वाघिणींत चढवावें लागे. उलट मुंबईकडून आलेलें कापड, मीठ, लोखंड यांचीहि तीच गत. या चढउतारीस हमाल लागत, तोलास माणूस लागे, हिशेबास कारकून लागे, माल तुंबला कीं वखार लागे आणि वखारीबरोबर अडत्या येई. पंढरीच्या वारकऱ्यांनाहि येथेंच गाडी बदलावी लागे. त्यांच्या ताटकळण्यावर चहावाला, खाणावळवाला आणि टांगेवाला जगे. गाड्या दुरुस्त करण्यास कारखाना आला, कारखान्याबरोबर लोहार-सुतारांचे नवे अवतार जे फिटर व टर्नर ते आले. थोडक्यांत म्हणजे जी गोष्ट व्यापाऱ्यास अडचणीची तीच या गांवास उपजीविकेची होती. मार्ग एका मापाचा झाला तेव्हां व्यापाऱ्याची अडचण गेली. त्या अडचणीवर जगणाऱ्यांचें काय झालें, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

हा प्रश्न शिरगणतीस विचारावा तर ती काय सांगते? १९३१ पर्यंतच्या शिरगणत्या एका ठराविक रात्रीं होत, आणि त्या रात्रीं जो जेथें आढळेल तेथें तो मोजला जाई. सामान्य खेड्यांत या पद्धतीनें फारसा फरक पडत नाहीं, कारण रात्रीं माणूस घरीं असतो. परंतु जंक्शनाचें गांव रात्रीं झोंपत नाहीं. गाडीची वाट पाहणारे उतारू, मालाबरोबर आलेले गाडीवान, दुसऱ्या ठाण्याहून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर व गार्ड हे त्या रात्रीचे पाहुणे. उलट येथील चालते नोकर त्याच रात्रीं दौंडास किंवा सोलापुरास. अशा मोजणींत पुरुषांचा आंकडा फुगण्याचा संभव मोठा. आणि स्त्रीपुरुषांचें प्रमाण पाहून ‘येथें एकटे पुरुष कामास येत’ असा निष्कर्ष काढणारानें त्यांतले किती रहिवासी व किती उतारू, हें आधीं विचारलें पाहिजे. १९४१ पासून एका रात्रीची पद्धति सुटली आणि नेहमींच्या राहण्याच्या जागेवर भर आला. म्हणून १९३१ व १९४१ चे आंकडे एकाखालीं एक मांडून वाढ-घट काढणें म्हणजे शेर व किलो एका रकान्यांत बेरजेस धरण्यासारखें आहे.

याहून गंभीर आक्षेप धंद्यांच्या वर्गीकरणावर आहे. १९६१ व १९७१ च्या शिरगणतींत काम करणारांचे नऊ वर्ग होते, आणि त्यांत वाहतूक, साठवण व दळणवळण हा स्वतंत्र वर्ग होता. १९८१ त गांवनिहाय सारांशांत चारच वर्ग राहिले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगांतले, आणि ‘इतर’. १९९१ त पुनः नऊ झाले. २००१ व २०११ त पुनः चार. हे चार वर्ग शेतीप्रधान गांवाच्या मापानें बेतलेले आहेत. लऊळ, रिधोरे, बारलोणी अशा आसपासच्या गांवांना ते पुरतात. कुर्डुवाडींत मात्र रेल्वेचा नोकर, हमाल, अडत्या, एस. टी. आगारांतला कंडक्टर, शिक्षक, पंचायत समितीचा कारकून आणि पानपट्टीवाला हे सर्व ‘इतर’ या एकाच पोत्यांत पडतात. आणि दैव असें कीं, मार्ग एका मापाचा होण्याचें स्थित्यंतर नेमकें २००१ व २०११ च्या मधलें आहे, जेव्हां पोतें बांधलेलें होतें. हमाल गेला आणि शिक्षक आला, तरी ‘इतर’चा आंकडा ढळणार नाहीं. २००१ त नगरपरिषदेच्या हद्दींतील लोकसंख्या २२,००० ते २३,००० च्या दरम्यान होती; पण एवढी माणसें कशावर जगतात, याचें उत्तर त्या सारांशांत नाहीं. २०२१ ची शिरगणती झालीच नाहीं, त्यामुळें पुढील मोजणीचे आंकडे हातीं येईपर्यंत २०११ चे जुनेच कामास लावावे लागतात.

हद्दींचाहि घोटाळा आहे. तालुक्याचें नांव माढा, परंतु तालुक्याच्या पंचायत समितीची कचेरी कुर्डुवाडींत. के. एन. भिसे महाविद्यालय कुर्डुवाडीचें म्हणून ओळखलें जातें, पण तें भोसरे गांवच्या हद्दींत उभें आहे. शिरगणतीच्या मतें तो ग्रामीण भाग. शाळांची व्यवस्था तर आणखी निराळ्या रेषेनें चाले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यान्वयें अधिकृत ठरलेल्या नगरपालिकांचें क्षेत्र वगळून बाकीचा मुलूख जिल्हा शाळामंडळाकडे गेला, आणि १९६२ त जिल्हा परिषदा आल्यावर तो कारभार त्यांच्याकडे आला. ज्या वस्तीचीं मुलें एका शाळेंत बसतात, ज्यांचा बाजार एक, ज्यांचें स्टेशन एक, ती वस्ती नगर, ग्रामपंचायत व तालुका अशा तीन दप्तरांत वांटली गेली आहे. आमच्या मतें इतिहासकारानें कचेरीच्या हद्दीपेक्षां शाळेचा टापू हाच एकक धरावा. कारण आईबाप मुलास रोज कोठवर चालत किंवा सायकलीवर पाठवितात, यावरून वस्तीची खरी सीमा ठरते.

खेड्यांचे व शहरांचे जे स्वतंत्र अभ्यास झाले, त्यांचाहि येथें फारसा आधार मिळत नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५) आणि हॅरॉल्ड मॅन यांचे पुण्याजवळील खेड्यांचे अभ्यास (१९१७ व १९२१) यांनीं जमीन, वतन, बलुतें व कर्ज यांवर खेड्याचें चित्र उभें केलें. धनंजयराव गाडगीळ यांच्या सोलापूर शहराच्या अभ्यासानें (१९६५) गिरण्या व मागांच्या शहराचें केलें. कुर्डुवाडींत बलुत्याची चौकट मोडकी, कारण वस्ती उपऱ्यांची. आणि गिरण्याहि नाहींत. दोन्ही चित्रें आपापल्या जागीं उत्तम असूनहि, दौंड, कुर्डुवाडी, मनमाड, भुसावळ अशा रेल्वेनें जन्मास घातलेल्या गांवांचें घर दोहोंच्या मधल्या रिकाम्या पानावर आहे.

आतां आम्ही ज्या साधनाचा पुरस्कार करतों त्याकडे वळूं. प्रवेश-निर्गम नोंदवहींत, जिला शाळांतून ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात, दर मुलामागें एक ओळ असते. तींत नांव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व इयत्ता, आणि सोडण्याचें कारण हे रकाने असतात. शिरगणति दहा वर्षांनीं एकदां येते; ही वही दर जूनमध्यें लिहिली जाते. शिरगणति माणसें मोजते. ही वही कुटुंब कोठून आलें व कोठें गेलें तें सांगते. असें समजूं कीं, एक मूल परळास जन्मलें, दौंडच्या शाळेंतून आलें आणि ‘वडिलांची बदली’ म्हणून मिरजेस गेलें. बापाचा धंदा कोठें लिहिलेला नसला तरी तो कळावयास ज्योतिषी नको. दुसरें मूल कुर्डूचें किंवा लऊळचें, पूर्वीची शाळा त्याच गांवची, आणि येथें पांचवींत दाखल झालेलें: हें शेतकऱ्याचें घर शिक्षणासाठीं पेठेकडे येत असल्याची खूण. अशा हजार ओळी वर्षवार लावल्या म्हणजे लोकस्थितीचा आलेख आपोआप उमटतो.

यांतून कोणता वाद सुटेल तेंहि सांगितलें पाहिजे. कुर्डुवाडीविषयीं दोन मतें संभवतात. एक असें कीं, छोटी गाडी गेली आणि गांव खालावलें. दुसरें असें कीं, उजनीचें धरण १९८० त पुरें झाल्यावर भीमेच्या अंगास ऊस आला, साखर कारखाने आले, आणि भोंवतालच्या शेतीची पेठ व शाळा म्हणून कुर्डुवाडीस नवा आधार मिळाला. रूळाची जागा पाटानें घेतली. आज दोन्ही मतें पुराव्यावांचून ठोकून देतां येतात. परंतु नोंदवही त्यांची कसोटी घेऊं शकते. पहिलें मत खरें असेल तर २००० नंतर एकूण दाखले घटतील, आणि निघून जाणारे येणाऱ्यांपेक्षां वाढतील. दुसरें खरें असेल तर ‘वडिलांची बदली’ हें कारण विरळ होत जाईल, आणि दहा मैलांच्या आंतील जन्मस्थळें वाढत जातील. दोन्ही थोडीं थोडीं खरीं असलीं तर कोणत्या वर्षीं पारडें फिरलें तेंहि कळेल. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. पण कल म्हणजे सिद्धान्त नव्हे.

या साधनाचे दोष झांकून ठेवणें योग्य नाहीं. जन्मतारखांवर विश्वासूं नये. शाळा जूनमध्यें उघडे म्हणून १ जून ही तारीख गुरुजींनीं किती मुलांना बहाल केली, याची गणती नाहीं. जुन्या वह्यांत मुलींच्या ओळी थोड्या, म्हणून त्यांवरून घरांत मुलें किती हें ठरवितां येणार नाहीं. जें मूल शाळेंत आलेंच नाहीं तें वहींतहि आलें नाहीं, आणि गरिबांतला गरीब बहुधा तोच. ऊसतोड्यांचें उदाहरण घ्या. २०११ ची शिरगणति ९ ते २८ फेब्रुवारीस, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामांत झाली. तो सर्व काळ थळावर असलेलें कुटुंब तेथेंच मोजलें जावें असा नियम होता. त्याच्या मुलांचीं नांवें मात्र दूरच्या मूळ गांवच्या पटावर, किंवा कोठेंच नाहींत. येथें शिरगणति वहीस पुरवणी देते. खासगी शाळा वाढल्या तसतशी एकट्या जिल्हा परिषदेच्या वहीची व्याप्तीहि आंखडत गेली, म्हणून टापूंतील सर्व शाळांच्या वह्या एकत्र घेतल्या पाहिजेत. एका साधनानें दुसऱ्याची झडती घ्यावी हाच आमचा आग्रह आहे. एकास हांकलून दुसऱ्यास गादीवर बसवावें असा नव्हे.

या सूचनेस विलंब चालणार नाहीं, याचीं दोन कारणें आहेत. २०२३ त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदी शोधतांना राज्यांत इतर दप्तरांबरोबर शाळांच्याहि जुन्या वह्या चाळल्या गेल्या. त्या वादाशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु त्या निमित्तानें या वह्यांचें मोल सर्वांस कळलें, आणि तें एकाच रकान्यापुरतें कळलें. जात वाचली गेली. शेजारचें जन्मस्थळ व सोडण्याचें कारण तसेंच राहिलें. दुसरें कारण असें कीं, वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनानें त्याच वर्षीं पुढें आणला. शाळा मिटली तर मुलें दुसरीकडे बसतील; पण कपाटांतली वही कोठें बसेल? वाडीवस्तीवरील दोनशिक्षकी शाळेचें दप्तर एकदां हाललें म्हणजे त्याचा माग लागणें कठीण, हें दप्तरांच्या शोधांत फिरलेल्या कोणाहि अभ्यासकास सांगावें लागणार नाहीं.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. कुर्डुवाडी, कुर्डू व भोसरे आणि लगतच्या वस्त्या मिळून शाळेचा एक टापू धरावा. १८९७ पासून आजवरच्या ज्या वह्या शिल्लक असतील त्यांची यादी प्रथम करावी, आणि शाळांच्या संमतीनें पानोपान छायाचित्रें घ्यावींत. प्रसिद्धि द्यावयाची ती बेरजांना. व्यक्तीचें नांव वा जात उघड करण्याचें कारण नाहीं आणि अधिकारहि नाहीं. नंतर जन्मस्थळ, पूर्वीची शाळा व सोडण्याचें कारण हे तीन रकाने वर्षवार उतरून शिरगणतीच्या तक्त्यांशेजारीं मांडावेत. पेशव्यांच्या दप्तरांतील रुमाल सोडतांना जी चिकाटी आपल्या अभ्यासकांनीं दाखविली, तिचा शतांशहि येथें पुरेसा होईल. मालधक्क्यावरच्या हमालाचें नांव कोणत्याहि गॅझेटियरनें लिहिलें नाहीं. त्याचा मुलगा शाळेंत गेला असेल तर त्याची एक ओळ कोठेंतरी आहे, आणि ती वाळवीच्या आधीं आपण गांठली पाहिजे.